संत कॉर्मनची घंटा

मुलांनो, आधी एक काम करा. दोन्ही हात डोक्याच्या वर न्या, कोपरं थोडी वाकवा आणि फक्त बोटांची टोकं एकमेकांना टेकवा. आता मान वर करून बघा. ही जी टोकदार कमान दिसतेय ना, ती दगडाची आहे अशी कल्पना करा. तुमच्या शाळेच्या इमारतीहून उंच. तिच्यामागे तशीच दुसरी, दुसरीमागे तिसरी, आणि या कमानींच्या रांगेखाली तुम्ही उभे आहात, मुंगीएवढे. बाजूच्या उंच खिडक्यांना रंगीत काचा आहेत. बाहेर ऊन पडलं की तुमच्या स्वेटरवर निळा, तांबडा, जांभळा उजेड सांडतो. काही बोललात तर आवाज वर जातो आणि थोड्या वेळाने, जरा मोठा होऊन, परत येतो.

दिसलं? मग तुम्ही डब्लिनच्या संत कॉर्मन कॅथेड्रलमध्ये पोहोचलात. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. तेवढं मी गोष्टीपुरतं बांधलंय.

या कॅथेड्रलमध्ये एक घंटा होती. लोखंडाची, चौकोनी, साधारण तांब्याएवढी, वर धरायला कडी. दिसायला अगदीच साधी, पण कॅथेड्रलचा पहिला दगड बसला त्याच्याही कितीतरी आधीची. वर्षभर ती काचेच्या कपाटात असायची. फेब्रुवारीत संताचा दिवस आला की लाल लोकरी कापडात गुंडाळून तिला मुख्य वेदीवर न्यायचे. वेळेआधी वाजू नये म्हणून आतला लोलकही कापडाच्या पट्टीने बांधलेला असायचा. मग दुपारी चारच्या प्रार्थनेत, तिथे गाणाऱ्या मुलांपैकी जे सगळ्यात नवीन असेल, ते मूल ती वाजवायचं.

यंदा तो मान रेवा नावाच्या मुलीला मिळाला होता. आणि त्याच दिवशी सकाळी घंटा नाहीशी झाली.

*

पद्मिनी आणि तिचा धाकटा भाऊ अंबरीश ॲडम्सटाउनच्या घरी जेवायला बसले होते. पद्मिनी खासगी तपासाची कामं करायची. विम्याचे खोटे दावे, हरवलेली माणसं, हरवलेल्या वस्तू. अंबरीश ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत इंजिनिअर. शनिवारी त्याला सुट्टी असायची आणि बहिणीच्या मागे-मागे फिरायची हौसही.

फोन वाजला. पलीकडे स्मृती होती, रेवाची आई. ती ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होती.

"पद्मिनीताई, मी ड्यूटीवर आहे गं, मला निघता येत नाहीये. रेवा आणि माझे बाबा कॅथेड्रलमध्ये आहेत. घंटा हरवलीय, आणि ते लोक रेवाकडे बघतायत."

"बघतायत म्हणजे?"

"एकाने तिला वेदीकडून पळताना पाहिलं म्हणे. ती का पळाली ते सांगत नाहीये. मला फोनवर सुद्धा सांगत नाही. चारपर्यंत घंटा मिळाली नाही तर गार्डांना, म्हणजे पोलिसांना, कळवणार आहेत. अकरा वर्षांची आहे गं ती! आणि बाबांना तर इंग्रजीही धड येत नाही."

"बाबा कधी आले?"

"गेल्या महिन्यात, काटोलहून."

पद्मिनीने ताट बाजूला केलं. "निघालो."

अंबरीशने हातातली पोळी गुंडाळी करून तोंडात कोंबली.

*

आत पाऊल टाकलं आणि अंबरीशचं चावणं थांबलं. तो वरच बघत राहिला. खांब जमिनीतून निघून झाडासारखे वर गेले होते आणि वर गेल्यावर त्यांना फांद्या फुटल्या होत्या, दगडाच्या. फांद्या एकमेकींना भिडल्या होत्या.

"ताई, हे पडत कसं नाही?"

"पुढे बघून चाल. तूच पडशील."

तो खरोखरच एका उंच म्हाताऱ्या गृहस्थांवर आदळला. तेही वरच बघत होते. राखाडी स्वेटर, कानटोपी, पायात नवेकोरे बूट. खांबावर हात ठेवून ते स्वतःशी पुटपुटत होते. हेच गुरुनाथ, रेवाचे आजोबा. काटोलच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली होती.

"पडत नाई," ते अंबरीशला म्हणाले, जणू प्रश्न त्यांनाच विचारला होता. त्यांनी दोन्ही हात वर नेऊन बोटं जुळवली. "हे पाहा. हा हात त्याले लोटते, तो याले लोटते. दोघंई एकमेकाले पडू देत नाई. सारं वजन खांबातून खाली. जिंदगीभर पोरांले कमान काढायले शिकवली बाप्पा, पन अशी पाह्यली नव्हती."

फरशीवर जुन्या लोकांची नावं कोरलेल्या शिळा होत्या. आयरिश लोक त्यावरून खुशाल चालत होते. गुरुनाथ मात्र प्रत्येक नावाला वळसा घालून वाकडेतिकडे चालत मागच्या बाकाकडे गेले. एका लहान मुलीने त्यांना पाहिलं आणि नजर वळवली.

ती मुलगी म्हणजे रेवा. लाल झगा, पांढरी कॉलर, काळे चकचकीत बूट, डोळे सुजलेले. तिच्यासारख्याच झग्यातली बाकीची मुलं थोडं अंतर ठेवून बसली होती आणि कुजबुजत होती. रेवाला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर निघायचं ते आयरिश वळणाच्या इंग्रजीत. आपण सगळ्यांचं बोलणं मराठीतच ऐकू.

"मावशी, मी नाही घेतली."

"मी विचारलंच नाही अजून," पद्मिनी म्हणाली. "पळत कुठे गेली होतीस?"

रेवाने ओठ मिटून घेतले. पद्मिनीने तिच्याकडे, मग तिच्या बुटांकडे पाहिलं. आणि तिथून सरळ मागच्या बाकावरच्या गुरुनाथांच्या बुटांकडे.

*

कॅनन हेगर्टी हे तिथले मुख्य धर्मगुरू. पिकलेल्या भुवया, मऊ आवाज. घंटा हरवल्याच्या दुःखातही त्यांना आपलं कॅथेड्रल दाखवायचा मोह आवरेना.

"ही खिडकी पश्चिमेची. या दिवसांत संध्याकाळचं ऊन तिच्यातून थेट वेदीच्या फाटकापर्यंत येतं. आणि खांबांवरचे ते कोनाडे बघितलेत? प्रत्येकात एक दगडी संत होता. कधीकाळी सैनिक आले आणि त्यांनी सगळे फोडले. तेव्हापासून कोनाडे रिकामेच आहेत."

अंबरीशने वर पाहिलं. कोनाडे माणसाच्या डोक्याच्या बरेच वर होते. खालून फक्त काळोख दिसत होता.

"दारं?" पद्मिनीने विचारलं.

"आज एकच उघडं आहे, पश्चिमेचं. तिथे आमच्या एक बाई पत्रकं वाटत बसल्यात. सकाळच्या सरावापासून कुणीही बाहेर गेलेलं नाही."

"म्हणजे घंटा आतच आहे."

"आम्ही सगळीकडे शोधली. बाकांखाली, गालिच्यांखाली, मुलांच्या दप्तरांत, तळघरात. कुठेही नाही."

"शेवटी कुणाच्या हातात होती?"

"डेक्लनच्या. इथली सगळी देखभाल तोच बघतो. वडिलांच्या मागे हे काम त्याच्याकडे आलं."

डेक्लन पन्नाशीचा, लालबुंद चेहऱ्याचा, घाईतला माणूस होता. "मी ती कपाटातून काढली, गुंडाळली, वेदीवरच्या कापडावर ठेवली. मेणबत्त्या आणायला गेलो. आलो तर नाही. आणि ही छोटी तिथून धावत सुटलेली."

"वेदी बघू या?"

"ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे तिकडचं 'बरं'. "या."

वेदीपुढे लोखंडी फाटक होतं, जुनं, बिजागरीवर खचलेलं. डेक्लनने किल्ल्यांचा मोठा जुडगा खाली फरशीवर ठेवला, खांबाच्या पायाशी, आणि दोन्ही हातांनी फाटक वर उचलून खांद्याने लोटलं. ते किंचाळत उघडलं.

"रोज असंच उघडावं लागतं?" अंबरीशने विचारलं.

"रोज. त्याची मर्जी सांभाळावी लागते."

वेदीवर पांढरं कापड अंथरलं होतं. कडक इस्त्रीचं. घडीच्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, कुठे चुरगळ नाही, डाग नाही. पद्मिनी वाकून बराच वेळ बघत राहिली.

"सुंदर इस्त्री आहे," ती म्हणाली.

"माझी बायको करते. काल रात्रीच अंथरलं." डेक्लनने कान खाजवला.

परत येताना पद्मिनी फाटकाजवळच्या खांबाशी बुटाची नाडी बांधायला वाकली. उठली तेव्हा तिच्या चिमटीत काहीतरी होतं. ते तिने रुमालात ठेवलं.

"काय गं?" अंबरीश कुजबुजला.

"लोकरीचा धागा. लाल."

"मुलांचे झगेही लाल आहेत."

"ते सुती आहेत, अंबरीश."

*

बाजूच्या छोट्या प्रार्थनाघरात एक तरुण पाठीवरची पिशवी घट्ट धरून बसला होता. हा इंद्रनील, पुण्याचा. जुन्या घंटांचा अभ्यास करायला आला होता. संत कॉर्मनची घंटा तपासणीसाठी मिळावी म्हणून त्याने पत्र लिहून दोनदा विचारलं होतं आणि दोनदा नकार ऐकला होता.

"पिशवी उघडायला नाही म्हणालात म्हणे?" पद्मिनीने विचारलं.

"ती माझी खासगी पिशवी आहे. मी इथे फक्त फोटो काढत होतो."

"कशाचे?"

"खांबांचे. कमानींचे. हे बघा." त्याने फोन पुढे केला. सकाळचे फोटो होते. एकात वेदीच्या फाटकाजवळचा खांब होता, त्याच्या पायाशी असलेली दगडी पायरी, आणि वर काळाकुट्ट रिकामा कोनाडा.

अंबरीशने मान पुढे काढून हवा हुंगली. "थालीपीठ?"

इंद्रनीलचा चेहरा पडला. त्याने हळूच चेन उघडली. आत डबा होता, अर्धा खाल्लेला.

"इथे खायला बंदी आहे. बाहेर गारठा किती! मी त्या कोपऱ्यात बसून… हे कॅननना सांगू नका, ते माझं पत्र कायमचं केराच्या टोपलीत टाकतील."

"लोणचं आहे का?" अंबरीशने विचारलं.

"अंबरीश!"

"चौकशीच करतोय."

*

राहिले गुरुनाथ. ते मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. कॅननही तिथे आले आणि रेवाला म्हणाले, "बाळ, तुझ्या आजोबांना नीट विचार. सकाळपासून इथे काही पडलेलं, हललेलं, जागेवर नसलेलं दिसलं का? कशाला हात लावला का? काहीही असो."

रेवा आजोबांकडे न बघताच मोजक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, घंटा पाहिली तुम्ही?"

"घंटा? नाई बा. घंटा कुठं पाह्यली मी?"

"नाही म्हणतायत," रेवाने इंग्रजीत सांगितलं.

कॅनननी सुस्कारा सोडला.

"आजोबा, किती धूळ आहे तुमच्या स्वेटरला!" रेवा खालच्या आवाजात चिडून म्हणाली आणि त्यांच्या बाहीवरचं कोळिष्टक झटकू लागली. ते कोपराच्याही वर, पार खांद्यापर्यंत होतं. गुरुनाथ मुकाट्याने हात पुढे करून बसले. सकाळपासून ते असेच होते, म्हणाल ते ऐकणारे.

अंबरीश बाकावर टेकायला गेला आणि त्याच्या कोपराने प्रार्थनेचं एक पुस्तक खाली पडलं. तो वाकायच्या आत गुरुनाथ उठले. त्यांनी पुस्तक उचललं, कपाळाला लावलं, आणि बाकावर न ठेवता मागे भिंतीला असलेल्या उंच फळीवर, हात लांब करून, ठेवून दिलं. मग पुन्हा बसले. त्यांनी हे इतक्या सहज केलं की कुणाचं लक्षही गेलं नाही.

पद्मिनीचं गेलं. तिने घड्याळ पाहिलं. चारला थोडाच वेळ उरला होता. बाहेर ढग फाटले होते आणि पश्चिमेच्या खिडकीतून पहिली तिरीप आत शिरत होती.

"कॅनन हेगर्टी," ती म्हणाली, "सगळ्यांना फाटकाजवळच्या खांबाशी बोलवा. मुलांनाही. ज्यांनी कुजबुज ऐकली, त्यांनी उत्तरही ऐकलेलं बरं."

*

सगळे गोळा झाले. डेक्लन पाठीमागे हात बांधून उभा राहिला. रेवा आजोबांपासून दोन हात लांब.

"आधी रेवा का पळाली ते बघू," पद्मिनी म्हणाली. "तिच्या बुटांच्या नाड्या बघा. दोन कान करून बांधलेल्या, वर आणखी एक गाठ. लहान मुलं बांधतात तशा. आता तिच्या आजोबांच्या बघा."

सगळ्यांनी खाली पाहिलं. नव्या मोठ्या बुटांवर तेच दोन कान, तीच वरची गाठ.

"इतकी वर्षं शाळेत नोकरी केलेला माणूस अशी नाडी बांधत नाही. ती रेवाने बांधलीय. म्हणजे त्याआधी बूट त्यांच्या पायात नव्हते. देवाच्या घरात आपण बूट घालून जात नाही. ते आत येताच काढून, मोज्यांवर फिरत होते. रेवाने वेदीकडच्या बाकांवर गाता-गाता ते पाहिलं आणि धावत जाऊन त्यांना बूट घालायला लावले. रेवा, बरोबर?"

रेवाचा चेहरा तिच्या झग्याएवढा लाल झाला. "सगळे हसत होते," ती पुटपुटली. "मी… मी त्यांना म्हटलं, मला लाज आणू नका. मागे जाऊन बसा."

कुजबुजणारी मुलं आता जमिनीकडे बघत होती.

"म्हणजे ती घंटेमागे धावलेली नाही. आता घंटेकडे येऊ. डेक्लन, घंटा लोखंडाची आहे. भरलेल्या कळशीसारखी जड नसेल, पण जड आहे. ती त्या इस्त्रीच्या कापडावर ठेवली असती तर एखादी तरी चुरगळ पडली असती, लोकर लागली असती. कापड कोरं आहे. घंटा वेदीपर्यंत पोहोचलीच नाही."

डेक्लनने पुन्हा कान खाजवला.

"मघाशी तुम्ही आमच्यासाठी फाटक उघडलंत. त्याला दोन्ही हात लागतात. हातातल्या किल्ल्या तुम्ही न बघता खाली ठेवल्यात, इथे, या खांबाच्या पायाशी. हात सवयीनेच खाली गेला. आणि इथेच मला हा लाल धागा मिळाला."

मग डेक्लनने टोपी काढली.

"क्षणभरच ठेवली होती," तो म्हणाला. "फाटक उघडलं तेवढ्यात दाराशी खुर्च्या उतरवायला हाक आली. मी धावलो. परत आलो तर… कॅनन, ती घंटा जमिनीला लागू द्यायची नाही, वडिलांनी मला लहानपणापासून बजावलंय. जमिनीवर ठेवली हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"आणि या मुलीवर येऊ दिलंस," कॅनन हळूच म्हणाले.

"मी तिला पळताना पाहिलं होतं, हे खोटं नव्हतं. पण त्यावर जे घडत गेलं ते मी थांबवायला हवं होतं." तो रेवाकडे वळला. "चूक माझी आहे, बाळ."

"मग घंटा घेतली कुणी?" अंबरीशला धीर धरवेना. "दाराबाहेर कुणी गेलं नाही. सगळं शोधून झालंय!"

"सगळं?" पद्मिनी म्हणाली. "तू आत आलास तेव्हा कुठे बघत होतास?"

"वर."

"इथे आलेला प्रत्येक माणूस वर बघतो. ही इमारत त्यासाठीच बांधलीय. पण वस्तू हरवली की माणूस काय करतो? मान खाली घालतो. बाकांखाली, गालिच्याखाली, तळघरात. आज दिवसभर या थोर छताखाली शोधणाऱ्यांपैकी एकानेही वर पाहिलेलं नाही. त्यात कोनाडे तर पिढ्यान्‌पिढ्या रिकामे. जी जागा कायमची रिकामी, तिकडे कोण बघतो?"

तिने गुरुनाथांच्या बाहीकडे बोट केलं.

"इथे खाली रोज झाडलोट होते. खांद्यापर्यंत कोळिष्टक लागायचं तर हात वर, कुणाचं फडकं पोहोचत नाही तिथे जायला हवा. उंच माणूस, लांब हात, पायात बूट नसल्यामुळे या पायरीवर चढायला मोकळा. आणि ज्याला जमिनीवर पडलेलं देवाचं काही बघवत नाही असा. मघाशी पडलेल्या पुस्तकाचं त्यांनी काय केलं?"

अंबरीशचं तोंड उघडं राहिलं. "कपाळाला लावून वर ठेवलं!"

"तुम्हाला लाल कापडातलं गाठोडं जमिनीवर दिसलं तर तुम्ही विचाराल, हे कुणाचं? आमच्याकडचा जुना माणूस आधी ते पायांपासून वाचवेल. आणि त्याच्या नजरेला हे रिकामे कोनाडे म्हणजे फुटलेल्या मूर्तींच्या जागा नाहीत. भिंतीतला कोनाडा म्हणजे दिवा, देव, पोथी ठेवायची जागा."

"पण मी त्यांना विचारलं होतं," कॅनन म्हणाले.

"तुम्ही विचारलंत, काही पडलेलं दिसलं का, कशाला हात लावला का. त्यांच्यापर्यंत पोहोचलं ते एवढंच, की घंटा पाहिली का. त्यांनी घंटा पाहिलीच नाही. त्यांनी गाठोडं पाहिलं. खरं उत्तर दिलं त्यांनी."

रेवाने तोंडावर हात ठेवला.

"मी तेव्हाच नीट विचारू शकले असते," पद्मिनी मराठीत गुरुनाथांकडे वळत म्हणाली, "पण मग लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याने घेतली आणि पकडला गेल्यावर काढून दिली. घंटा आधी जमिनीवर कशी आली, ते सिद्ध व्हायला हवं होतं. काका, आता विचारते. आज तुम्ही इथे खालून काही उचललंत?"

"हो, उचललं ना!" गुरुनाथ नवलाने म्हणाले. "लाल कापडात बांधेल होतं. खाली पडून होतं, अन् लोकांचे पाय इकडून तिकडं. मले बरं नाई वाटलं. डोक्याले लावलं अन् वर ठेवून देल्लं."

"उघडून नाही पाहिलं?"

"देवाचं बांधेल असते ते आपुन सोडून पाहात नाई, पोरी." मग त्यांना एकाएकी उमगलं. ते सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघू लागले. "अरे बाप्पा. तेच शोधून राह्यले का तुमी दिवसभर? मले कोनी सांगतलं काहून नाई?"

त्याच वेळी खिडकीतली तिरीप फरशीवरून सरकत खांबाशी पोहोचली. ती पायरीवर चढली, दगडावरून वर गेली आणि कोनाड्यात शिरली. काळोख उजळला. आत, शेकडो वर्षांनी, काहीतरी होतं. लाल, उबदार, निखाऱ्यासारखं.

कॅनन हेगर्टींनी नकळत छातीवर क्रूसाची खूण केली. इंद्रनीलने फोन वर उचलला आणि फोटो न काढताच खाली घेतला.

"शिडी आणतो," डेक्लन घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"शिडी काहून?" गुरुनाथ म्हणाले. ते बूट काढायला वाकले. पण दोन कानांवरची ती गाठ त्यांच्या बोटांना सुटेना.

रेवा पुढे आली. सगळ्यांच्या देखत गुडघे टेकून तिने आजोबांची एक नाडी सोडली, मग दुसरी. ती रडत होती आणि गाठ तिलाही नीट दिसत नव्हती.

"सॉरी, आजोबा," ती म्हणाली. मग थांबली, आणि शब्द शोधत मराठीत म्हणाली, "मी… मी चुकली."

"उगी," आजोबा म्हणाले. "थंडी वाजते म्हनून घातले अस्तील तू मले बूट. एवढंच तं."

ते मोज्यांवर पायरी चढले, लांब हात वर नेला आणि संत कॉर्मनची घंटा खाली आणली.

*

चार वाजले. दिवे मंद झाले, ऑर्गनचा पहिला सूर छतापर्यंत जाऊन परत आला. मुलं रांगेने निघाली, लाल झगे, पांढऱ्या कॉलरी, काळे चकचकीत बूट. अंबरीश मागच्या बाकावर गुरुनाथांशेजारी बसला होता. त्याचं लक्ष बाकाखाली गेलं आणि त्याने पद्मिनीला कोपराने ढोसलं.

बाकाखाली आजोबांचे मोठे बूट होते. त्यांच्या शेजारी नीट लावून ठेवलेला, काळ्या चकचकीत लहान बुटांचा एक जोड.

रांगेच्या शेवटी रेवा चालत होती. फेब्रुवारीच्या गार फरशीवर, पांढऱ्या मोज्यांनी, प्रत्येक कोरलेल्या नावाला वळसा घालत. बाकीची मुलं बघत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

वेदीपाशी तिने लाल कापड सोडलं, लोलकाची पट्टी काढली आणि घंटा दोन्ही हातांनी उचलली. आधी ती कपाळाला लावली. मग वाजवली.